दोन दोऱ्यांची बाटली

"चोरी म्हणे! चोरीत वस्तू कमी होते का वाढते? आमच्या घरचं सारंच उलटं."

स्वयंपाकघराच्या पडद्याआड गीताबाई पुटपुटत होत्या. पडद्याला लागूनच बसलेल्या बेबीताईंना शब्दन् शब्द ऐकू आला. बुलढाण्यात त्यांचं खासगी चौकशीचं ऑफिस होतं. एरवी मुलीकडच्यांसाठी नवरदेवाची माहिती काढायची, एवढाच धंदा. दारूची चौकशी ही पहिलीच. त्यांना जीपनं मोताळ्याला आणणारा कादर दारापाशीच बसला होता. तो थेंबाला शिवत नसे, बेबीताईही नाही.

गीताबाईंच्या यजमानांनी, भगवंतरावांनी, बाटली पुढे ठेवली. जिनिंगच्या कारखान्यावर कापसाची प्रत ठरवण्यात त्यांची हयात गेली होती, शिवाय घरचा कापूस होताच.

"पोरगी, छाया, अमेरिकेत हाय. तिनं चार पाठवल्या. व्हिस्कीच्या. दोन बोर्बन, दोन राय. तिकडे ह्या स्वस्तातल्या. मी न् माह्या दोस्त गुलाबरावनं ठरवलं, रविवारी बसाचं न् स्वस्तातली कोणती सरस ते पाहाचं. बोर्बन मक्याची. भाजलेलं कणीस न् गूळ. राय गव्हाच्या जातीच्या धान्याची. मिरे चावल्यावानी."

"पिऊन ठरवता?"

"कापूस पाहाले खावा लागते काय?" त्यांनी तळहातावर थेंब घेतला, हात एकमेकांवर चोळले आणि नाकाशी नेले. "असं. पेला त्याच्या मंग."

तीन बाटल्या रीतसर संपल्या होत्या. ही शेवटची राय. ती संपली की निकाल, आणि निकाल लागला की सामानाचा ट्रक. बीटी कापसाचं बी आलं तेव्हा बोंडअळी गेली म्हणून गावानं पेढे वाटले होते. आता अळी परत आली होती. पुन्हा पुन्हा वाया गेलेल्या कापसाला कंटाळून भगवंतरावांनी वावर बटईनं, पिकातल्या वाट्यावर, कसायला द्यायचं आणि पुण्याला मुलाकडे, प्रज्वलकडे, कायमचं राहायला जायचं जाहीर केलं होतं.

"पण ही संपतच नाही." त्यांनी बाटलीला बांधलेले दोन सुती दोरे दाखवले. "वरचा दोरा मागच्या रविवारी ओतायच्या आधी बांधला. दोघांचे पेले भरले, की खालचा. आता पाहा."

दारू वरच्या दोऱ्याशी होती.

"पाणी टाकलं असन कोणी," कादर म्हणाला.

"पाणी असतं तं एका थेंबात समजलं असतं मले. पाणी नाही."

बेबीताईंनी तरी थोडा कापूस मागितला. त्याची वात वळून रायमध्ये बुडवली आणि काडी ओढली. निळी ज्योत सरसर वर चढली. पाणी नव्हतंच.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. बियाण्यांचं दुकान चालवणारे गुलाबराव तावातावानं आत आले.

"काऊन बे भगवंता, माह्यावर पोलीस लावला?"

"पोलीस नाही. बेबीताई हायेत."

"एकच ते!"

बेबीताईंनी त्यांना बसवलं. "पेले भरल्यावर इथं कोण असतं?"

"आमी दोघं. हा भजे आणाले आत जाते, मी बसतो."

"तुमचा पेला?"

"तो येईलोक मी संपवून टाकतो. हा आपला पेला धरून बसते, गप्पा मारते."

"आणि ह्या बाटलीतली राय कशी वाटली?"

"मिरे चावल्यावानी," गुलाबराव लगेच म्हणाले.

गीताबाई चहा घेऊन आल्या. "अमेरिकेची दारू म्हणून कौतुक, पण ही चौथी बाटली आळणीच, ताई. पहिल्या तिन्ही चढत होत्या. भाऊजी गाडी इथं ठेवून पायी जात, न् हे तं गाणं म्हणत. आता भाऊजी गाडी सरळ नेतात, न् हे रातभर आढ्याले पाहून राह्यले."

"पुण्याला कधी निघायचं, वहिनी?" बेबीताईंनी विचारलं.

"साखर कमी पडली वाटते," म्हणत गीताबाई आत वळल्या.

कादरला राहवेना. "ताई, चोर कोन?"

"एकच पेला परत गेला असता, तर दारू दोन दोऱ्यांच्या मध्ये राहिली असती. ती वरच्या दोऱ्याला आहे. म्हणजे दोन्ही पेले परत गेले. ही बाटली उघडल्यापासून इथं कोणीच पीत नाही."

बेबीताई गुलाबरावांकडे वळल्या.

"भजी येईपर्यंत गुलाबराव आपला पेला बाटलीत ओततात. म्हणून चव विचारली की मित्राचेच शब्द, आणि गाडी सरळ. ते गेल्यावर भगवंतराव आपला ओततात. म्हणून गाणं बंद."

"अगं बाई, उष्टी?" आतून आवाज आला.

"ओठाले लावलीच नाही तं उष्टी कशी होईन?" भगवंतराव बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण कबूल केलं.

"पन मालकच ओतते, तं तक्रार कायची?" कादरनं विचारलं.

"आपला पेला ओतल्यावर दारू मधोमध यायला हवी होती. आली थेट वर. तेव्हाच भगवंतरावांना कळलं, की आणखी एक जण ओततो. पाणी नाही, हे त्यांच्या नाकानं सांगितलं. आणि इथं बसणारा माणूस एकच. नाव त्यांना ठाऊक होतं." बेबीताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला नाव शोधायला नाही, हे कोणीतरी बोलून दाखवावं म्हणून बोलावलं. बाटली संपली की ट्रक येणार, म्हणून ती कोणीच संपू देत नाही. पुढचं मी बोलून भागणार नाही."

भगवंतराव दोऱ्याची गाठ नखानं उकलत राहिले. गुलाबराव रस्त्याकडे असे बघत होते, जसं काही दुकानावर गिऱ्हाईक खोळंबलंय. गीताबाई साखरेचा डबा छातीशी धरून दारात उभ्या होत्या.

"बोला न आता कोणीतरी," त्या म्हणाल्या.

गुलाबराव खाकरले. पुन्हा खाकरले.

"जाऊ नको बे, भगवंता."