संत्रं सोलणारे हात

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अकोल्याच्या जुन्या शहरात झेंडूखेरीज दुसरं काही दिसतच नाही. त्या पिवळ्या गर्दीत, घरच्या फुलांच्या दुकानात हर्षा हार ओवायचे सोडून मोबाइलात डोकं घालून बसली होती. शेजारी तिची आई, माणिकबाई, एकाच वेळी चार गिऱ्हाइकांशी भांडत होती.

"हार पायजे. पिकअप गाडीले... मोठा," समोरून एक गिऱ्हाईक म्हणालं.

"आई देईन," हर्षा मान वर न करता म्हणाली.

"आई कामात हाये. तुमी तं मोबाइलात हाये."

आता मात्र तिनं वर पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, हसरे डोळे... आणि ते डोळे थेट तिच्या मोबाइलवर! तिथं ती आपलंच चित्र बोटानं रंगवत होती, संत्रं सोलणाऱ्या दोन हातांचं.

"पाह्यलं? नखात पिवळं दाखवलं तं हात कसे जिवंत झाले! मी म्हटलंच होतं..."

हर्षा उठूनच उभी राहिली. "तुमी— तुमी बागवान?"

"इन्स्टाग्रामवर. तसा मी शुभम. मोर्शीचा."

आता हा बागवान कोण, ते सांगायला हवं. हर्षा चित्रकार, पण तिची रीत जगावेगळी. अमरावतीला वसतिगृहात असताना तिनं डायऱ्या लिहिल्या होत्या. दर रविवारी त्यातली एक उघडायची, डोळे मिटून एका ओळीवर बोट ठेवायचं आणि त्या ओळीचं चित्र काढायचं. मात्र पूर्ण नाही! एक कोपरा कोरा ठेवून ते इन्स्टाग्रामवर टाकायचं आणि लोकांना विचारायचं, इथं काय हवं? एकदा बोट पडलं ते मार्चमधल्या या ओळीवर : 'आज अकोल्याच्या बसमध्ये एका मुलानं खिडकीची जागा दिली, संत्र्याच्या फोडी दिल्या. लाजेनं वर पाहिलंच नाही.'

तिनं नुसते हात काढले आणि लोक वेडे झाले! सगळ्यात जास्त लिहायचा तो बागवान. मार्च महिना म्हणजे मृग बहराचं संत्रं, रंग गडद घ्या. नखात पिवळं राहू द्या. पहिली फोड तो दुसऱ्याला देईल, मग स्वतः खाईल. हात पुसेल तो स्वतःच्याच बाहीला... हातांना खांदे फुटले, मानही आली. चेहरा तेवढा कोरा राहिला. आणि आमची ही शहाणी त्या बिनचेहऱ्याच्या माणसाच्या प्रेमात पडून मोकळी झाली! इतकं बारीक ज्याला ठाऊक, तोच बसमधला असणार, दुसरा कोण?

म्हणून तिनं विचारलंच, "मंग त्या बसमध्ये... तुमीच होते ना?"

शुभमनं नजर हारांकडे वळवली. "हार... केवढ्याले देता?"

हर्षाला वाटलं, लाजला!

त्यानंतर दुसऱ्यांच्या बागांतली संत्री घेऊन अकोल्याला येणारी पिकअप हमखास फुलांच्या दुकानापाशी थांबू लागली. त्याला रोज फुलं कशाला लागत होती, देव जाणे. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि एका दुपारी हर्षानं त्याला उपड्या खोक्यावर बसवलं, चेहरा काढायला.

"हलू नको."

"तू अशी पाहून राहिली तं मानूस हलनारच ना!"

"गप. आज टाकतेच हे. साऱ्याईले सांगते, सापडला म्हनून."

शुभमचं हसू मावळलं. तो आपल्या हातांकडे बघू लागला.

"हर्षा... तो मी नव्हतो."

"काय?"

"तवा मी अमरावतीले गेलोच नाई. आमची बाग सुकून राहिली होती. बोअरले पानी नाई. शेवटी बाबानं सारी झाडं तोडली... मंग एक दिवस तुहं चित्र दिसलं. मी आपल्याच हाताकडं पाहून लिहत गेलो. तू इचारलं तवा खरं सांगाचं होतं. पन मले वाटलं, तू तं त्याची वाट पाहून राहिली. माह्याशी कायले बोलशीन?"

हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, तिचं तिलाच कळेना. "मंग मी कोनावर जीव लावला?"

शुभम उठला. पिकअपकडे चालू लागला.

तिचं डोकं चक्रावलं. बसमधला मुलगा हवाहवासा वाटत होता, पण तो उद्या समोर उभा राहिला तर तिला ओळखूही येणार नव्हता. त्यानं दिलं ते काय? एक जागा आणि चार फोडी. बाकी नखातलं पिवळं, ती बाही, आधी दुसऱ्याला द्यायची रीत, ज्याच्यावर जीव जडला होता ते सगळं तर या लबाडाचं होतं! आणि तो लबाड आता गाडी सुरू करत होता.

"ओ बागवान!" ती सगळ्या बाजारादेखत ओरडली. "खोटारड्या! थांब!"

ती धावली, त्याला दंडाला धरून ओढतच दुकानापाशी घेऊन आली. धाप लागली होती, गाल तापले होते.

"आई, हा शुभम. मले हाच पायजे. हा बसमधला नाई हाये, तरी बी हाच!"

माणिकबाईनं हातातला झेंडू खाली ठेवला. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या घाबरलेल्या पोराकडे.

"कोनती बस वो?"