दोन नावांची एक गोळी

"काय खिलवलं माह्या अम्मीले? बोल ना, काय खिलवलं!" दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत फरहानं भावजयीचा, कहकशांचा दंड धरला!

सकाळी कहकशांची सासू जैबुनबी चहा घेता घेता बसल्या जागी कलंडली होती. जमीरनं गॅरेजातली जीप काढून आईला दारव्ह्याला आणलं. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नाडी चौतीस! इतकी संथ नाडी हृदयाच्या दुखण्यानं होते, थायरॉईडनं होते, नाहीतर औषधानं. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"बीपीची एकच. हे देते," जमीर म्हणाला आणि बायकोकडे त्यानं संशयानं पाहिलं. पाच वर्षं सासूचे पाय चेपले, त्याचं हे फळ... विषाचा आळ!

सासूचे कपडे बदलताना कमरेच्या बटव्यातून गोळ्यांची दुसरीच पट्टी पडली. सोबत ढाणकीच्या दुकानाची चिठ्ठी. ढाणकी म्हणजे फरहाचं सासर! कहकशां नुसती पट्टी घेऊन धावत डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"अहो, नावं दोन, औषध एकच!" बाई बाहेर येऊन ओरडल्या. "रोज दुप्पट गेलं. ही दुसरी कोणी दिली?"

फरहा पांढरीफटक पडली. बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा संपत आलेला... आपणच मायच्या जिवावर उठलो हे चारचौघांत निघालं तर ही पोरगी सावरेल का? कहकशांनं तिच्या पोटाकडे पाहिलं मात्र, आणि बोलून गेली, "मीच देल्ती. समजलं नाही मले."

आणि फरहा गप्प राहिली! जीभ झडली होती का तिची?

"निंग इथून!" जमीर गरजला. "महागावले बापाच्या घरी जाय. पुन्हा तोंड दाखवू नोको!"

"अम्मी उठल्या का जाईन," एवढंच ती म्हणाली आणि दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर उपाशी बसून राहिली. कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी नाडी साठावर आली. जैबुनबीनं डोळे उघडून सून कुठं आहे म्हणून विचारलं, तेव्हा जमीरनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारी उशीवरून उठू लागली.

"बोलव तिले!... अरे, ते पट्टी फरहानं आणलती. सुनेच्या हातची गोळी तू पाहते म्हणून मी गिळो, अन् भरोसा नाही म्हणून वरतून लेकीची घेवो. चोरून! पाप माह्या मनात होतं, जमीर... त्या पोरीच्या हातात नाही!"

जमीरनं पायरीवरून कहकशांला बोलावून आणलं, तशी फरहा पुढं झाली. "भाभी, मले मालूम होतं... तरी मी तोंड उघडलं नाही," ती हुंदक्यांत म्हणाली. जमीरची मान वर होईना.

कहकशां दारात उभी होती. जैबुनबीनं सुई लावलेला हात तिच्याकडे पसरला.

"घरी येईन तं हिच्यासंगच येईन. नाहीतं इथंच मरू द्या मले... ये, बेटी!"

पाच वर्षांत त्या घरानं तिला पहिल्यांदा बेटी म्हटलं, आणि दोन दिवस कोरडी राहिलेली कहकशां सासूच्या छातीवर कोसळून ओक्साबोक्शी रडली.