खुंट्यांची रेघ

डोंगराच्या पोटाशी एक घर होतं. घरात मामंजी, हे आणि मी, शिवाय माझ्या पोटात सातवा महिना. माणसं साडेतीन धरा.

आमच्या वरच्या उतारावर कचेरीनं बारा लोखंडी खुंट्या एका रेघेत ठोकल्या होत्या. त्यांची राखण मामंजींकडे. रोज दुपारी हातोडा घेऊन वर जायचे, खाली येऊन वहीत आडवी रेघ ओढायचे. म्हणजे खुंट्या सरळ. वीस वर्षं खाडा नाही. मग एका पहाटे झोपेतच गेले.

महिन्याभरानं कचेरीचे साहेब नकाशा घेऊन आले. नदी कुठं शिरेल, डोंगर कुठं ढासळेल, सगळं रंगवलेलं. खालची वस्ती निळी, खिंड तांबडी. आमच्या घरावर रंगच नाही.

"तुम्ही निर्धास्त राहा," साहेब म्हणाले. "वीस वर्षांत एक खुंटी हललेली नाही."

बाहेर भरदुपारी धुकं उतरलं होतं. ओल्या मातीचा वास चुलीपर्यंत आला होता. मी चहा गाळत होते, तेवढ्यात वरून आवाज आला. ठक्... ठक्...

"कोण ठोकतंय?" साहेबांनी विचारलं.

हे भिंतीकडे बघतच राहिले. मामंजी गेल्यापासून हातोडा तिथं टांगलेला होता. आता नुसता खिळा होता.

दोघं वर निघाले. हे मला म्हणाले, तू थांब. पण त्या घरात एकटी थांबणार कोण? मीही गेले.

वर चिटपाखरू नव्हतं. खुंट्या मात्र सरळ नव्हत्या. मधल्या सहा खुंट्या हातभर खाली सरकलेल्या, रेघेला धनुष्यासारखा बाक. भोवतीची माती ताजी दाबलेली.

"कुणाचा तरी चावटपणा," हे म्हणाले. "थांबा साहेब, करतो सरळ. बाबा रोज करायचे."

"करायचे... म्हणजे?"

"सरकलेली खुंटी उपटून परत रेघेत ठोकायचे. रेघ सरळ राहिली पाहिजे, तुमच्याच कचेरीनं बजावलं होतं ना?"

साहेब चिखलातच मटकन बसले. "अहो, ती सरळ राहते का, एवढंच बघायचं होतं..."

मीच पाणी घेऊन वर जायचे आणि म्हणायचे, मामंजी, काय सुरेख रेघ!

"आत्ताच्या आत्ता घर सोडा," साहेब म्हणाले. खाली आलो, तर हे दारात अडले. "सामान तरी काढू द्या..."

आतून, चुलीमागच्या भिंतीतून, पुन्हा तोच आवाज आला. ठक्... ठक्... थांबेचना. भांडी थरथरली.

"बाबा... कळलं," हे हळूच म्हणाले. "निघालो."

दिवेलागणीच्या आत डोंगर खाली आला. घर होतं की नव्हतं, कळेना.

पुढं मात्र आमचं भलं झालं. दूर सपाट माळावर जागा मिळाली, मुलगा झाला, त्याची मुलं झाली. आता चार खोल्या आहेत, दारात ट्रॅक्टर आहे, नातसुनेला सातवा महिना आहे. डोंगर इथून दिसतसुद्धा नाही.

हातोडा काही सापडला नाही.

मला हल्ली कमी ऐकू येतं. काल ढगाळ दुपारी अंगण झाडताना उंबऱ्यासमोर एक लोखंडी खुंटी दिसली, जमिनीत अर्धी ठोकलेली. वाकून हात लावला.

माथा अजून गरम होता.