गुंड्या पैलवानाचं वजन

"अरे, पाय वर घे! एक पाय खाली टेकवून वजन कमी भरत नसतं!"

संघप्रियाने दटावल्यावर गुंड्याने चौथा पायही नाइलाजाने काट्यावर ठेवला. सुई थरथरली, पुढे सरकली आणि थांबली.

"बारा किलो!" जनावरांच्या दवाखान्यातल्या कृष्णात डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "महिन्यापूर्वी साडेदहा होता. हे कुत्रं आहे की गव्हाचं पोतं?"

गुंड्या म्हणजे विजयसिंहदादांचा पग. अंग बिस्किटाच्या रंगाचं, तोंड काळं, आणि नाक असं, की चिखल ओला असतानाच कुणीतरी अंगठा दाबला असावा! २००५ सालच्या त्या उन्हाळ्यात टीव्हीवरच्या एका जाहिरातीने निम्म्या कोल्हापूरला असल्या कुत्र्याचं वेड लावलं होतं. दादांनीही हौसेने आणला. पण सकाळी साडेसातला ते कागलच्या एमआयडीसीत कामाला जात, ते दिवेलागणीला परत. हौस मालकाची आणि निस्तरायचं शेजाऱ्यांनी! म्हणून सुट्टीभर दहा ते पाच गुंड्याला सांभाळायचं काम मंगळवार पेठेतल्या तिघांनी आपणहून घेतलं होतं: आठवीत जाणारी संघप्रिया, तिचा धाकटा भाऊ संघर्ष आणि समोरच्या घरातला संग्राम.

"ह्याचे पूर्वज चीनच्या राजवाड्यात राजाच्या मांडीवर बसायचे," डॉक्टर म्हणाले. "राखण नाही, शिकार नाही. माणसाला सोबत करायची, एवढंच काम! म्हणून हा जीव लावतो. पण कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, आणि ह्या चपट्या नाकाला धापसुद्धा नीट टाकता येत नाही. त्यात ही चरबी, वर मे महिन्याचं ऊन. एखाद्या दुपारी बसल्या जागी जाईल. पंधरा दिवसांत अर्धा किलो उतरवा. हळूहळू. उपाशी मारायचं नाही!"

शेजारी उभ्या असलेल्या विजयसिंहदादांनी हात झटकले. "उतरलं तर ठीक. न्हायतर गगनबावड्याला मित्राच्या शेतावर देऊन टाकतो. थंड हवा हाय तिथं."

"आणि बिबट्या?" संघर्ष किंचाळला. "दादा, त्याला तर ही पुरणपोळीच मिळंल की!"

"पण आम्ही वाटीनं मोजून घालतो!" संघप्रियाचा चेहरा उतरला. "सकाळी एक, संध्याकाळी एक. वर घासही नाही."

"मग वजन काय हवेनं वाढलं?" दादा म्हणाले.

मुलं घरी परतली, तेव्हा संग्रामची आजी, सगळ्या गल्लीची आक्का, वजन विचारायला दारातच उभी होती. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि घातलं असतं तरी टिकलं नसतं.

"ह्या पोरीनंच चारलं असणार! लाडानं पोरं बिघडत्यात, ते तर कुत्रं हाय! मला इचारा, मी त्या नकट्याला सावलीलासुद्धा उभं करत न्हाय!"

संघप्रियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती रडत बसणारी नव्हती. "चोर शोधायचा," ती दोघांना म्हणाली. "दादा जातात साडेसातला, आपण येतो दहाला. मधले अडीच तास गुंड्या काय करतो?"

दुसऱ्या दिवशी तिघेही साडेसातलाच दादांच्या फाटकासमोरच्या टेम्पोमागे दबा धरून बसले. दादांची मोटारसायकल वळली मात्र, गुंड्या फाटकाशी आला. कडी नीट बसत नव्हती. त्याने डोक्याने धडक दिली, फाटक हातभर उघडलं आणि स्वारी शेपटीची जिलेबी हलवत निघाली!

"बघा की कसा चाललाय," संग्राम पुटपुटला, "जणू पेठ ह्याला आंदण दिलीय!"

पहिला मुक्काम ज्ञानूची मिसळीची गाडी. गुंड्या समोर बसला आणि त्याने वर पाहिलं. कपाळावर आठ्या, डोळे पाणीदार, तोंड असं की घरचं कोणीतरी गेलंय.

"आरं आरं, बिचारं! मालक घालत न्हाय वाटतं!" ज्ञानूने अख्खा पाव पुढे टाकला.

दुसरा मुक्काम तालीम. दादासो वस्तादांनी भांडंभर दूध आणि चार बदाम ठेवले. "खा, गड्या! तोंडावरनं कळतंय, किती दिवसांचा उपाशी हायस!"

आणि तिसरा? गुंड्या वळला आणि सरळ संग्रामच्याच घराच्या पायरीवर जाऊन बसला! दार उघडलं. आक्काने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. पदराखालून निघाली तूप-गूळ लावलेली चपाती!

"आक्का!" संग्राम ओरडतच पुढे धावला.

दुसरी कोणी असती तर वरमली असती. आक्काने कमरेवर हात ठेवले. "काय झालं बोंबलायला? तोंड बघ त्येचं, कसं सुकलंय! माझ्या दारातनं आजवर उपाशी कोण गेलंय?"

"ते तोंड जन्मापासून तसंच असतं, आक्का," संघप्रिया म्हणाली. "पोट भरलं तरी सुरकुत्या जात नाहीत."

"मला शिकवू नको! चार पोरं वाढवलीत मी!"

दार धाडकन बंद झालं. मुलांनी ज्ञानूला सांगितलं, वस्तादांना सांगितलं. सगळे माना डोलवायचे आणि पाठ वळली की घास पुढे! त्यांनी फाटक दोरीने बांधलं, तर लोक फाटकाच्या गजांतून घालू लागले.

मग संग्रामला युक्ती सुचली. त्याने पुठ्ठ्यावर लिहिलं, 'आज माझा उपवास आहे', आणि पाटी गुंड्याच्या गळ्यात अडकवली. "आता कोणाची छाती हाय, उपवास मोडायची?"

तासाभराने बघतात तर गुंड्याच्या मिशांना साबुदाणा! पुढ्यात शेंगदाण्याचा लाडू, वर निम्मं केळं!

"आमच्या घरात उपवास नसतो," संघर्ष आश्चर्याने म्हणाला. "मला काय माहीत, उपवासाला जास्त खातात म्हणून!"

हसून हसून तिघांची पोटं दुखली. पण पाच दिवस संपले होते आणि गुंड्या होता तेवढाच होता. संघप्रिया तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. आत वस्ताद एका पैलवानाला झाडत होते. "वजनात बसला न्हाईस, तर लोक पेठेच्या तोंडात शेण घालतील! आजपास्नं खुराक मोजून!"

संघप्रिया ताडकन उठली. तालमीच्या दारातला फळा तिने पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'गुंड्या पैलवान, मंगळवार पेठ. वजनगट साडेअकरा किलो. येत्या रविवारनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता सर्वांसमक्ष वजन.'

गर्दी जमली. "समोर कोण हाय?" वस्तादांनी विचारलं.

"काटा," संघप्रिया म्हणाली. "आणि वजन जास्त भरलं, तर कोणी कोणी चारलं ते ह्याच फळ्यावर लिहीन."

झालं! जे डॉक्टरांच्या सांगण्याने झालं नाही, ते पेठेच्या अब्रूने केलं. ज्ञानूने पावाची टोपली उंचावर ठेवली. आक्का दारात पहारा द्यायला बसली. "खबरदार कोणी घास टाकला तर! पेठेचं नाक कापायला बसलाय व्हय रं?" गुंड्याने तोंड कितीही पाडलं, तरी कोणी बधेना. सकाळ-संध्याकाळ उन्हं नसताना मुलं त्याला हळूहळू फिरवायची आणि आल्यावर त्याच्या सुरकुत्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण मोठ्या माणसांना धीर असेल तर ना! गुरुवारी मुलं जेवायला घरी गेली होती. एवढ्यात संघर्ष धापा टाकत ओरडत आला, "ताई! वस्ताद गुंड्याला पळवतायत! रस्त्यावर! भर उन्हात!"

ताट तसंच टाकून संघप्रिया धावली. तालमीसमोर डांबर तापलं होतं आणि वस्ताद हाळी देत होते, "आणि एक फेरी! घाम काढ!" गुंड्याची जीभ जांभळट पडली होती. घशातून घरघर येत होती. दोन पावलं टाकून तो कोलमडला!

"त्याला घाम येत नाही, वस्ताद!" ती ओरडली. "संग्राम, सावलीत घे! संघर्ष, पाणी आण, माठातलं! बर्फ नको!"

तिने आपली ओढणी भिजवली. पोट, मांड्या, पंजे ओले केले. पुन्हा पुन्हा भिजवत राहिली. आक्का धावत आली आणि हातातल्या सुपाने वारा घालू लागली. वस्तादांसारखा सहा फुटी गडी भिंतीला टेकून उभा होता आणि पोरासारखा रडत होता.

"मर्दा, तोंड काय बघतोस!" आक्का कडाडली. "पोरगी सांगते ते कर! रिक्षा आण!"

रिक्षा येईपर्यंत गुंड्याची जीभ पुन्हा गुलाबी झाली होती. तपासून कृष्णात डॉक्टर म्हणाले, "वाचला. ह्या मुलीला कळलं नसतं, तर इथवर आला नसता."

रविवारी सकाळी साताला तालमीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर आपला काटा घेऊन आले. विजयसिंहदादाही आले, जरा अवघडून. संघप्रियाने गुंड्याला काट्यावर ठेवलं.

सुई हलली. थांबली.

"अकरा किलो चारशे ग्रॅम!" डॉक्टर गरजले.

हलगी वाजली! ज्ञानूने आरोळी ठोकली. वस्तादांनी फेटा काढून हवेत उडवला.

दादा पुढे आले. "गगनबावडा रद्द. कडी कालच बदलली. पण संघप्रिया, मी कामाला जाताना हा एकटा बसतो, ते काही खरं न्हाय. सकाळी साडेसातला तुझ्याकडं सोडला तर चालेल? तुझी आई म्हणाली, शाळा सुरू झाली की ती बघेल."

संघप्रियाने जोरजोरात मान हलवली. तेवढ्यात आक्का गर्दी सारत पुढे आली. सगळ्यांनी कान टवकारले, कारण आक्का काय बोलेल ह्याचा नेम नसे.

"ऐका," आक्का म्हणाली. "ह्या पोरीवर मी आळ घेतला हुता, चारचौघांत. चोर मी हुते. मग कबूलही चारचौघांतच करायला पायजे." तिने संघप्रियाच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या साठ वर्षांच्या शहाणपणापेक्षा हिचं तेरा वर्षांचं डोकं भारी हाय. आणि काय रं, हसता काय सगळी? आधी टाळ्या वाजवा की!"