बारक्याचा निरोप

ते मोबाइल बंद करा आधी. ऐकायचं तर ऐका, नाहीतर जाऊन झोपा. आणि मधेच "खरंच का हो?" असं कुणी विचारलं तर मी उठेन. कुलूपवाला माझ्या शेजारच्या गाळ्यात बसायचा. खोटं बोलायची त्याला अक्कलच नव्हती.

मंगळवार होता. चौदा नोव्हेंबर, रात्रीचे साडेनऊ. त्याची बायको दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झालेला. अंगात रक्त कमी, नुसतं उठून बसली तरी घेरी यायची. तिच्या गोळ्या आणायला हा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला. पाच मिनिटांचं काम. परत येतो तर दारात बारक्या उभा.

बारक्या म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. एका ताटात जेवलेले दोघं. पुढे हा किल्ल्या घासत बसला आणि बारक्या टीव्हीत नट झाला. भुताखेतांची एक मालिका लागायची, दर आठवड्याला नवं भूत. त्यात एकच भाग हसवणारा होता. रक्त पिणारं भूत, व्हॅम्पायर म्हणतात ते. आरशात दिसत नाही. कुणी बोलावल्याशिवाय त्याला घरात शिरता येत नाही, आणि मेल्याला कुणी बोलवेचना, अशी सगळी गंमत. ती रचली होती कुलूपवाल्यानं. दुकानात बसून, पाठकोऱ्या कागदांवर, एकेक अक्षर जुळवत. बारक्यानं ते कागद नेले. व्हॅम्पायर स्वतः झाला आणि लेखक म्हणून नावही स्वतःचंच लावलं. लोक हसून हसून लोळले. कुलूपवाल्यानं तेव्हाच सुनावलं होतं, "माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही!" बारा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"काय रे, विसरलास का?" बारक्या म्हणाला.

"खिसेकापूला कोण विसरतं?"

"घाल शिव्या. पण ऐक, आपला भाग आज पुन्हा लागतोय. दहाला. या वेळी लेखक म्हणून तुझं नाव आहे. भांडून घालायला लावलं मी. तुझी शपथ."

कुलूपवाला आत गेला. त्याला 'आत ये' म्हणाला नाही. पण तोंडावर दारही लावलं नाही. नाव म्हणाला ना तो... तिथंच अडकलं गाडं.

बायकोला गोळी दिली.

"कोण आलंय?"

"कुणी नाही. तू झोप."

बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला. बारक्या उंबऱ्याबाहेर, चौकटीला टेकून बघत राहिला.

"वहिनी कशा आहेत?"

"तुला काय करायचंय?"

"रक्त कमी झालंय म्हणे."

यानं तर सांगितलं नव्हतं. गल्लीत कुणी बोललं असेल, असं त्याला वाटलं.

मग तो प्रसंग आला. व्हॅम्पायर तीन दिवसांचा उपाशी, दारोदार फिरून दमलेला. शेवटी एका म्हातारीला हात जोडतो, "बरं आजी, येतो मग." म्हातारी सवयीनं म्हणते, "या हं." झालं! मिळालं बोलावणं. निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. त्या एका शब्दावर यानं अख्खा भाग उभा केला होता. बारा वर्षांचा राग विसरून कुलूपवाला खदखदून हसला.

बारक्या हसला नाही.

पावणेअकरा. नावं सुरू झाली. भराभर वर सरकत होती. वाचायला हा मुळात सावकाश. खुर्ची ओढून टीव्हीला नाक लावून बसला. रंगभूषा... कपडे... दिवे...

"बरं, येतो मग," मागून आवाज आला.

"हं, ये," हा म्हणाला. डोळे पडद्यावर.

लेखक...

बारक्याच.

पुन्हा बारक्याच.

त्यानं टीव्ही बंद केला. काळ्या काचेत खोली दिसत होती. तो स्वतः दिसत होता. उघडं दार दिसत होतं. दारात कुणी नव्हतं.

गेला एकदाचा. म्हणून यानं मान वळवली...

बारक्या खुर्चीमागे उभा होता.

आत.

"शपथ घेतली होतीस तू..." याच्या तोंडून एवढंच निघालं.

"आणि 'ये' कोण म्हणालं?"

दिवे गेले. हा अंधारात भिंत चाचपडू लागला. आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

"अगंबाई, भाऊजी! किती वर्षांनी..."

मग...

काहीच नाही.

दिवे आले तेव्हा खाट रिकामी होती. पांघरूण नीट घडी घातलेलं.

लोक म्हणतात, पळाली दोस्ताबरोबर. म्हणोत, त्यांचं काय जातं! पुढच्या खोलीत हा स्वतः होता. खिडक्यांना गज. राहिलं मागचं दार. त्याला रोज तिन्हीसांजेला हा आतून कुलूप घालायचा. स्वतः घडवलेलं. किल्ली एकच, ती याच्या कमरेला. त्या रात्रीही होती. गल्लीतच राहायचो मी, याच्या हाका ऐकून धावलो तेव्हा मीच पाहिली.

आतली कडी मोकळी होती. दार ढकललं. उघडेना.

बॅटरी घेऊन आम्ही दोघं बोळातून मागे गेलो.

कुलूप तेच होतं. लागलेलंच होतं.

बाहेरून.