निळी पट्टी

मल्लेश्वरमला आमच्या आणि श्यामलाक्कांच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून मी त्यांचा संसार इतकी वर्षं पाहिला की जमाखर्च तोंडपाठ आहे. त्यांचे यजमान पद्मनाभअण्णा. जमेला : आवाज कधी चढला नाही, गुलाब उत्तम. नावे : त्या गुलाबांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही, बायकोचासुद्धा. "तुझा हात जड," म्हणायचे. अक्का जन्मभर नुसत्या पट्ट्या कापून देत राहिल्या.

पट्ट्या दुधाच्या निळ्या पिशव्यांच्या. पिशवी धुवायची, वाळवायची, बोटभर रुंद कापायची. रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरून अण्णा तीत चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, भरत आणि पट्टी खालून वर गुंडाळत, म्हणजे पाणी आत शिरत नाही. डोळ्यापुरती जागा उघडी. अण्णा डावखुरे, त्यामुळे वेढे उलटे पडत. शेवटचं टोक गाठ न मारता वेढ्याखाली खुपसत.

"अण्णा, हे कलम की ड्रेसिंग?" मी चिडवायचे.

"दोन्ही एकच. जखमेला जखम लावायची आणि गप्प बसायचं. तांबूस पालवी दिसेपर्यंत सोडायचं नाही."

अण्णा गेले. वर्षभराने मुलाने, सुशांतने, घर बिल्डरला दिलं आणि आईला के. आर. पुरमच्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. अक्का सगळ्याला कानडीत सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत गेल्या. अडल्या एकाच ठिकाणी. स्वयंपाकघराच्या दाराशी अण्णांनी लग्नानंतर भरलेला पहिला गुलाब होता, फिकट गुलाबी. "तो येईल तर मी येईन," म्हणाल्या.

पण त्याची मुळं कुजली होती. सगळं झाड वरून वाळत आलेलं, हिरवी उरलेली फांदी एक आणि तिच्यावर जिवंत डोळाही एकच.

निघायच्या दिवशी सकाळी खुंटाची कुंडी पुढे ठेवून अक्का म्हणाल्या, "क्षमा, डोळा तू भर."

"मी? मी भिंतीवरून नुसतं बघितलंय, अक्का."

"बघितलंयस तरी. मी मान खाली घालून पट्ट्या कापत होते."

त्यांनी डाव्या हाताने फांदी वाकवून धरली. मी अण्णांच्या चाकूने डोळा सोलून काढला. शिताहून जरा मोठा, ओला. तेवढ्यात फांदी सुटली, काट्याने अक्कांचं मनगट फाडलं, माझा हात हलला आणि डोळा पडला.

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो. मातीत, फरशीच्या फटीत, लुगड्याच्या निऱ्यांत. सापडला नाही.

अक्कांनी पदराने रक्त टिपलं. "सरी. तुझाही हात जड निघाला." थट्टाच होती, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

"आई, नर्सरीतून चार गुलाब आणू," गाडीचं दार उघडत सुशांत म्हणाला. अक्का आत बसल्या. कुंडी मागेच राहिली.

काही आठवड्यांनी मी मॅजेस्टिकला मेट्रो बदलून त्यांच्याकडे गेले. दार सुशांतने उघडलं आणि मला तिथेच थांबवलं.

"क्षमाकाकू, आई जेवते, झोपते, हसतेसुद्धा. पण हातावरची पट्टी सोडू देत नाही. डॉक्टरकडे येत नाही. तुम्ही सांगा ना."

"बांधली कुणी?"

"तिनेच असेल. इथे आल्यावर पहिल्या सकाळी उठली तेव्हापासून आहे."

स्वयंपाकघरातून जाताना ओट्यावर दूध दिसलं. काचेच्या बाटल्यांत.

"पिशवीचं दूध घेत नाही का रे?"

"कधीच नाही. का?"

अक्का बाल्कनीत खुर्चीवर होत्या. अंगाने भरल्या होत्या. डावा हात उताणा, कठड्यावर, उन्हात.

"ये गं. उशीर केलास."

मी शेजारी बसले आणि पट्टी तपासली.

निळी. बोटभर रुंद.

खालून वर गुंडाळलेली, वेढे उलटे. टोक शेवटच्या वेढ्याखाली घट्ट खुपसलेलं.

एकट्या उजव्या हाताने असं बांधता येत नाही. मी घरी करून पाहिलं नंतर.

"दुखतं का, अक्का?"

"छे. सकाळी स्वल्प ओढल्यासारखं होतं, एवढंच."

"मी सोडू? हलक्या हाताने."

त्या हसल्या. नवी नवरी हसते तशा. "तुझा हात मला माहीत आहे."

मी वाकून बघितलं. वेढ्यांच्या मधोमध शितभर जागा उघडी होती. आतलं तांबूस मला आधी सुकलेलं रक्तच वाटलं.

अक्कांनी दुसऱ्या हाताने माझा खांदा हळूच बाजूला केला.

"मागे सर, क्षमा. ऊन अडतंय."