लेकीच्या खुर्चीमागचं स्टूल

वहिनी, लेक दवाखान्यात होती तेव्हा मी देवापुढे हात जोडून एक नवस बोलले होते. ती बरी होऊन घरी येऊ दे, मग माझ्या दाराशी जो कोणी येईल, ओळखीचा असो वा अनोळखी, त्याच्या तोंडावर मी दार लावणार नाही. त्याला बसायला देईन, दोन शब्द बोलेन. लेक घरी आली आणि मी नवस पाळायला लागले. आता वस्तू विकायला फिरणारी माणसंही मला ओळखून आहेत. पाय दुखले की नेमकी आमचीच बेल वाजवतात. ह्यांची त्यावर ठरलेली थट्टा, "आपल्या घराचा बसथांबा झालाय. फक्त बस तेवढी येत नाही."

पण दाराने न येता कुणी आलं तर काय करायचं, हे मी नवस बोलताना ठरवलं नव्हतं.

तुम्ही मघाशी सुनेच्या कॉम्प्युटरची गोष्ट काढलीत, म्हणून सांगते. चहा होईपर्यंत ऐका.

आजारपणातून उठल्यावर लेक भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवायला हाक मारली तर "ठेव तिथे" म्हणायची, आणि ताट तसंच परत यायचं. मग कुणा मैत्रिणीने तिला एक खेळ दाखवला. पाच जणांनी मिळून एक दिवा अंधाऱ्या जंगलातून पलीकडे न्यायचा. पाचही जण आपापल्या घरी, कानाला हेडफोन, एकमेकांना सांभाळत चाललेले. एक जरी मधेच गळाला तरी दिवा विझतो आणि सगळे हरतात. त्या खेळासाठी माझी लेक पहिल्यांदा उठून बसली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती बसली होती एवढं मला पुरे होतं.

कॉम्प्युटर तिने तयार घेतला नाही. एकेक भाग जमवला. काही नवे, काही मैत्रिणींकडचे, आणि चित्र दाखवणारं ते ग्राफिक्स कार्ड मात्र जुन्या सामानवाल्याच्या दुकानातलं. तिच्या बोटांत अजून जोर नव्हता, म्हणून ती सांगायची आणि स्क्रू मी पिळायचे. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "मायलेकींनी गोधडी शिवलीय की!" तेव्हापासून त्याचं नावच गोधडी पडलं.

गोधडी चालली छान. फक्त खेळ मधेच बंद पडायला लागला.

कधी पाच मिनिटांत, कधी तासाभराने. आवाज एका सुरावर अडकायचा, कुणी बोलता बोलता श्वास धरून ठेवावा तसा, आणि पडदा काळा. लेकीचा दिवा विझायचा. संघातल्या मुली आधी हसल्या, मग वैतागल्या. त्यांची म्होरकी एक दिवस म्हणाली, "रविवारी निवडीचा सामना आहे. तू चांगली खेळतेस गं, पण मधेच नाहीशी होणारी आम्हाला नाही चालणार." त्या दिवशी ताट पुन्हा तसंच परत आलं. वाटलं, ही पुन्हा भिंतीकडे वळली तर या वेळी मला वळवता येणार नाही.

पण लेक माझीच. दुसऱ्या दिवशी ओढणी कमरेला खोचून उभी. "आई, टॉर्च धर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुठे आहे ते कळत नाही."

आधी तिने रॅमची एक पट्टी काढली. मी टॉर्च धरली, मग तिथेच भाजी निवडत बसले. खेळ दुपारभर चालला. "सापडलं!" ती ओरडली. मी भाजी टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि खेळ बंद. मग दुसरी पट्टी. मग पॉवर सप्लाय बदलला. मग बाजूचा पत्रा काढून आत टेबलफॅन सोडला. तापमान पाहिलं तर सगळं थंडगार. मग ड्रायव्हर म्हणतात ते कार्ड चालवणारे प्रोग्रॅम पुसून नवे घातले. दर वेळी तेच. सापडलं म्हणायचं, मी उठायचं, आणि खोलीतून तो अडकलेला सूर यायचा.

एकदा मी परत आले तर ती पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"आई, मी चुकले. मी एकच गोष्ट बदलत नव्हते. दर वेळी आणखी एक बदलत होती."

"कोणती?"

"तू."

मग तिने रीतसर पडताळून पाहिलं. मी खोलीत, खेळ चालू. मी बाहेर, बंद. माझ्या जागी हे बसले, चालू. हेसुद्धा उठले, बंद. "तुझ्या आईला एक वायर लावून जोडूनच टाक," हे म्हणाले, पण त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. गोधडीसमोर माणूस एकटं असलं की ती बंद पडते, हे आता आम्हा तिघांनाही कळलं होतं.

लेकीने जुन्या सामानवाल्याला फोन लावला. त्याने आधी कोणतं कार्ड ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "ताई... ते कार्ड एका एकट्या राहणाऱ्या माणसाचं होतं. खेळता खेळताच गेला म्हणे. कुणाला कळलंच नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा मशीन चालूच होतं... समोर थंड चहा. परत आणा, मी ठेवून घेतो."

"आत्ताच देऊन येतो," हे चप्पल शोधायला लागले.

मी म्हटलं, "थांबा. दुसरं कार्ड रविवारच्या आत मिळणार आहे का?"

लेक म्हणाली, "नाही."

"मग कुठे नेता ते? आणि आपल्याकडे आलेल्याला मी परत पाठवत नाही, ठाऊक आहे ना?"

"अगं, नवस माणसांसाठी बोललीस!"

"माणूसच होता ना तो?"

लेक म्हणाली, "मग सामन्याच्या दिवशी तू बस की माझ्याशेजारी." बसले असते. पण माझ्याशिवाय तिला खुर्चीत बसताच येऊ नये, हे मला सोसवेना. एका आजारातून काढलेली मुलगी मी दुसऱ्या कुणाच्या ओलीस ठेवणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे तिला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेले. घरात मी एकटीच. बाहेर मळभ होतं. गल्लीत कुणी नव्हतं, वरच्या मजल्यावरचा नळ तेवढा ठिबकत होता. मी देवापुढे दिवा लावला, पदर खोचला आणि लेकीच्या खुर्चीत जाऊन बसले. खेळ सुरू केला. मला दोन बटणं ठाऊक. माझा बाहुला एकाच झाडाला पुन्हा पुन्हा धडकत होता.

आधी वास आला. तापलेल्या धुळीचा, आणि त्याखाली दुसरा. कितीतरी दिवस तसाच राहिलेल्या चहाचा. साय धरलेल्या, आंबलेल्या. मी चहा केलेलाच नव्हता.

मग सूर अडकला. पडदा काळा झाला.

काळ्या काचेत मी दिसत होते, आणि माझ्यामागची खिडकी. खिडकीचा उजेड डाव्या बाजूने हळूहळू झाकत गेला. कुणीतरी माझ्या आणि खिडकीच्या मधे येऊन उभं राहावं तसा. हेडफोन टेबलावर पडले होते, त्यातून तो सूर येतच होता. मी बटण दाबून मशीन बंद केलं. सूर थांबला नाही. वाकून प्लग काढला. वायर हातात धरून उभी राहिले, वहिनी, आणि सूर... थांबला नाही.

घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण रागही आला. माझ्या लेकीने भिंतीकडून तोंड वळवायला किती जोर लावला होता, ते मी पाहिलं होतं.

मागे न वळता मी म्हटलं, "कोण आहेस ते मला ठाऊक आहे."

सूर थोडा बारीक झाला.

"एकटाच गेलास... वाईट झालं. तुझे जोडीदार तुला हाका मारत राहिले असतील. पण ही खुर्ची माझ्या लेकीची आहे. तिला मी मरणाच्या दारातून ओढून आणलंय, तुझ्यासाठी नाही आणलं. ही खुर्ची तुला मिळायची नाही. आज नाही आणि कधीच नाही."

काचेतला अंधार माझ्या खांद्यापर्यंत आला. मानेवर गार वाटलं.

"ऐकू आलं ना?" माझा आवाज चढला. "कितीही वेळा विझव. ती पुन्हा लावेल. ती दमली तर मी लावेन. दिवा लावायचा कंटाळा मला येत नाही, विचार कुणालाही!"

मग मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, तुम्ही ज्यावर बसलाय ना, त्याच्या जोडीचं. ते लेकीच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून ठेवलं.

"बसायला देते. माझा नवस आहे. इथे बस, खेळ बघ. पण हात लावायचा नाही."

काही क्षण काहीच झालं नाही. मग स्टूल करकरलं, वजन पडल्यावर करकरतं तसं. आणि सूर थांबला. खिडकीचा उजेड पुन्हा पुरता काचेत आला.

लेकीला मी एवढंच सांगितलं की स्टूल हलवू नकोस. तिने एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आपली खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली. रविवारी ती खोलीत एकटी खेळली. मी मुद्दाम दाराबाहेर बसले, हातात जपमाळ, कान आत. गोधडी एकदाही अडकली नाही. शेवटी लेक अशी ओरडली की ह्यांच्या हातातला पेला पडला. दिवा पलीकडे गेला होता. त्या दिवशी तिने ताट पुसून खाल्लं आणि वर विचारलं, "अजून आहे?"

पुढे संघातल्या मुलींनी तिला नवं कार्ड पाठवलं. जुनं निघालं. हे म्हणाले, आता तरी दे परत. मी म्हटलं, बसायला दिलंय, आता ऊठ कसं म्हणू? जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून मी ते माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवलं.

एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. लेक खेळत असली, की कपाटातली ती गुंडाळी ऊबदार लागायची. कशाला जोडलेली नाही, विजेशी संबंध नाही, पण ऊबदार. ती उठली की गार. मी मनात म्हणायचे, बघतोय बिचारा, बघू दे.

मग लेक संघाबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली, गोधडी घेऊन. गुंडाळी गार पडली ती पडलीच. मला वाटलं, सुटला. देवापुढे एक दिवा जास्तीचा लावला.

गेल्या आठवड्यात कपडे ठेवताना हात लागला, वहिनी. ऊबदार होती.

तुमच्या सुनेचा कॉम्प्युटर आमच्या लेकीनेच जायच्या आधी जुळवून दिलाय. त्यात एकही भाग जुना नाही, सगळे खोके मी स्वतः फोडलेत. तो मधेच बंद पडतो म्हणालात. कधीपासून? गेल्या आठवड्यापासून ना... आणि तुम्ही खोलीत असलात तर पडत नाही?

चहाचा वास येतो का तिथे?

घाबरू नका. घाबरण्यासारखं काही नाही, मी सांगते तसं करा. घरात असेल ते एखादं स्टूल घ्या आणि सुनेच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून ठेवा. त्याला बस म्हणा. पण त्याआधी, विसरू नका हं, त्याआधी ठणकावून सांगा की ती खुर्ची तुमच्या सुनेची आहे आणि ती त्याला मिळणार नाही.

आत्ता ती घरी एकटीच आहे ना? मग चहा राहू द्या, वहिनी. हेच स्टूल उचला आणि जा.